आधी तपासा, मग जोडा : पेनड्राइव्हवरील परिपथ-सिम्युलेटर

इलेक्ट्रॉनिक्स हा हाताने शिकण्याचा विषय आहे आणि हाताने शिकायचे म्हटले की चुका ओघानेच आल्या. डायोड उलटा बसतो, कपॅसिटरची टोके बदलली जातात, ट्रान्झिस्टर तापून निकामी होतो. ज्याच्या घरी दुरुस्तीचे दुकान आहे त्याला अशा चुकीचे काही वाटत नाही. तो खोक्यातून दुसरा भाग काढतो आणि पुन्हा बसतो. निवासी शाळेतील विद्यार्थ्याची गोष्ट वेगळी असते. जळलेला भाग बदलायचा तर कोणीतरी ताथवड्याहून निघून पुण्यातील बुधवार पेठेची तपकीर गल्ली गाठायची, आणि तोवर प्रयोग अर्धवट ठेवायचा. म्हणून असा विद्यार्थी फार जपून वागतो. पुस्तकातील परिपथ तो जसाच्या तसा उतरवतो. १,००० मायक्रोफॅरॅडच्या जागी ४७० चा कपॅसिटर लावला तर काय होईल, हा प्रश्न त्याच्या मनात येतो आणि मनातच राहतो.

न विचारलेल्या या प्रश्नांसाठीच परिपथ-सिम्युलेटर उपयोगी पडतो. परिपथ संगणकावर मांडायचा, त्यात हवे ते बदल करायचे, हवा तेवढा बिघाड करून पाहायचा; खर्च शून्य आणि धोकाही शून्य. अशा सॉफ्टवेअरपैकी काही इतकी आटोपशीर आहेत की ती पेनड्राइव्हवर मावतात आणि कोणत्याही संगणकावर रीतसर बसवल्याशिवाय चालतात. त्यांचा उपयोग कसा करावा आणि त्यांच्या उत्तरावर कितपत विश्वास ठेवावा, या दोन गोष्टी सांगण्यासाठी हा लेख आहे.

सिम्युलेटर करतो तरी काय?

सिम्युलेटरपुढे परिपथ ठेवायचा तो यादीच्या रूपात. यादीच्या प्रत्येक ओळीत एक भाग : त्याचे नाव, तो कोणत्या दोन किंवा तीन सांध्यांच्या मध्ये जोडला आहे, आणि त्याचे मूल्य. सांध्यांना क्रमांक दिलेले असतात आणि भूसंपर्काच्या सांध्याचा क्रमांक नेहमी शून्य असतो. या यादीला 'नेटलिस्ट' म्हणतात. काही सॉफ्टवेअरमध्ये आपण चित्र काढतो आणि यादी आपोआप तयार होते; पण आत काम होते ते यादीवरच.

पुढचे गणित शाळेच्या पुस्तकातीलच आहे. जर्मन शास्त्रज्ञ किरचॉफ याने १८४५ मध्ये मांडलेला नियम असा की, कोणत्याही सांध्यात येणारी एकूण विद्युतधारा ही त्यातून बाहेर पडणाऱ्या धारेइतकीच असते. सिम्युलेटर प्रत्येक सांध्यासाठी या नियमाचे एक समीकरण मांडतो. दहा सांधे असतील तर दहा समीकरणे, आणि ती सर्व एकाच वेळी सोडवायची. डायोड व ट्रान्झिस्टर यांची वागणूक सरळ रेषेत नसल्यामुळे ही समीकरणे एका दमात सुटत नाहीत. तेथे न्यूटन-रॅफसन ही पद्धत वापरतात : प्रथम एक अंदाज, मग त्यातील चूक, मग सुधारलेला अंदाज, असे चूक नगण्य होईपर्यंत. परिपथ काळानुसार बदलत असेल तर काळाचे बारीक तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यासाठी हा सारा खटाटोप पुन्हा केला जातो. कधीकधी अंदाज स्थिरावतच नाही आणि सॉफ्टवेअर 'उत्तर सापडले नाही' अशा अर्थाचा संदेश देऊन थांबते. विद्यार्थी अशा वेळी गोंधळतात. बहुतेकदा कारण साधे असते : एखादा सांधा लोंबकळत राहिलेला असतो किंवा भूसंपर्क जोडायचा विसरलेला असतो.

मोकळेपणाची परंपरा

आज हे साधन एका गरीब विद्यार्थ्याच्या हाती विनामूल्य येते, त्यामागे एका प्राध्यापकाचा आग्रह आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत रोनाल्ड रोहरर यांच्या वर्गात विद्यार्थ्यांनी परिपथांचे गणित करणारा एक संगणक-कार्यक्रम लिहिला. लॅरी नेगल हा त्या विद्यार्थ्यांपैकी एक. पुढे डोनाल्ड पेडरसन हे त्याचे मार्गदर्शक झाले. कार्यक्रम कोणालाही मुक्तपणे देता आला पाहिजे, असे पेडरसन यांचे मत होते आणि त्यासाठी तो मोठ्या प्रमाणात नव्याने लिहिला गेला. १९७३ मध्ये तो 'स्पाइस' या नावाने जगापुढे आला. १९७५ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली आणि १९८९ मध्ये सी भाषेत लिहिलेली तिसरी. तो विद्यापीठाबाहेर मोकळेपणाने वाटला गेल्यामुळे उद्योगांत व महाविद्यालयांत सर्वदूर पोहोचला. आज प्रचारात असलेल्या बहुतेक सिम्युलेटरांची मुळे या एका कार्यक्रमापर्यंत जातात.

महाराष्ट्रातही या परंपरेचे काम चालू आहे. पवई येथील आयआयटी मुंबईच्या 'फॉसी' या प्रकल्पाने 'ईसिम' नावाचे सॉफ्टवेअर तयार केले आहे. आरंभी त्याचे नाव 'ऑस्कॅड' असे होते. परिपथाचे चित्र काढण्यासाठी 'कायकॅड' आणि गणितासाठी 'एनजीस्पाइस' ही दोन मुक्त साधने त्यात एकत्र गुंफलेली आहेत. परिपथ काढणे, तपासणे आणि त्याचा छापील बोर्ड आखणे ही तिन्ही कामे तेथे एकाच छताखाली होतात. त्याच संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमात अशा मुक्त सॉफ्टवेअरचे धडे ध्वनिचित्रफितींच्या रूपात मिळतात आणि त्यांपैकी पुष्कळ मराठीतही आहेत. एकदा उतरवून घेतल्यावर ते इंटरनेटशिवाय पाहता येतात, ही वसतिगृहाच्या दृष्टीने मोठीच सोय.

पेनड्राइव्हवर काय ठेवावे?

शाळेच्या संगणककक्षात नवीन सॉफ्टवेअर बसवण्याचा अधिकार विद्यार्थ्याला नसतो, आणि तो नसणेच योग्य. शिवाय आज एका संगणकावर बसलेला विद्यार्थी उद्या दुसऱ्यावर बसतो. अशा ठिकाणी बसवण्याची गरज नसलेले सॉफ्टवेअर सोयीचे पडते. तरीही संगणककक्षाच्या शिक्षकांची परवानगी आधी घ्यावी आणि पेनड्राइव्ह विषाणूंसाठी तपासून मगच लावावा.

नवशिक्याने आरंभ पॉल फॉलस्टॅड यांच्या सिम्युलेटरने करावा. तो ब्राउझरमध्ये चालतो आणि इंटरनेटशिवाय चालणारी त्याची प्रतही मिळते. त्यात विद्युतधारा सरकत्या ठिपक्यांच्या रूपात दिसते. धन विभव हिरवे, ऋण विभव लाल. स्विच दाबताच ठिपके धावू लागतात. 'धारा वाहते' हे वाक्य ज्याला केवळ पाठ आहे, त्याला ते येथे डोळ्यांनी दिसते.

त्यानंतर एनजीस्पाइस. विंडोजसाठी ते एका संकुचित फाइलमध्ये मिळते. ती उलगडली की एक फोल्डर तयार होतो आणि त्यातूनच कार्यक्रम थेट चालवता येतो. येथे चित्र नाही, यादी स्वतः लिहावी लागते. आरंभी हे कष्टाचे वाटते, परंतु त्याचे दोन फायदे आहेत. यादी म्हणजे साधी मजकुराची फाइल. ती अगदी लहान असते आणि वहीत उतरवून दुसऱ्याला देता येते. दुसरे असे की, यादी लिहिताना प्रत्येक सांध्याचा विचार करावा लागतो, त्यामुळे परिपथ डोक्यात पक्का बसतो.

ईसिम मात्र संगणकावर रीतसर बसवावे लागते. पेनड्राइव्हवर आरंभ करून विद्यार्थी तयार झाले, की शाळेने एकदोन संगणकांवर ते बसवून द्यावे. आणखी एक व्यवहाराची सूचना : पेनड्राइव्ह हरवतात आणि बिघडतातही. आपल्या यादीच्या फाइलची दुसरी प्रत नेहमी वेगळ्या जागी ठेवावी.

एक उदाहरण : पाच व्होल्टचा वीजपुरवठा

समजा, विज्ञान प्रदर्शनासाठी एका विद्यार्थ्याला पाच व्होल्टचा, अर्धा अँपियर धारा देणारा वीजपुरवठा हवा आहे. नेहमीची रचना अशी : नऊ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोडांचा पूल, एक कपॅसिटर आणि त्यानंतर ७८०५ हा नियंत्रक. ७८०५ ला नीट काम करण्यासाठी आपल्या निर्गमापेक्षा सुमारे दोन व्होल्ट अधिक लागतात. म्हणजे कपॅसिटरवरील विभव कोणत्याही क्षणी सात व्होल्टच्या खाली जाता कामा नये. प्रश्न एवढाच की, कपॅसिटर १,००० मायक्रोफॅरॅडचा पुरेल काय?

प्रथम कागद-पेन्सिल घ्यावी. नऊ व्होल्टचे शिखर-मूल्य सुमारे १२.७ व्होल्ट. एका वेळी दोन डायोड वाहतात, प्रत्येकी ०.९ व्होल्ट वजा केले की १०.९ उरतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दोन शिखरांमध्ये १० मिलिसेकंद जातात. तेवढ्या वेळात अर्धा अँपियर धारा कपॅसिटर रिकामा करते आणि विभव ५ व्होल्टने उतरते. तळ ५.९ व्होल्ट. हिशेब सांगतो : पुरणार नाही.

आता तोच परिपथ सिम्युलेटरमध्ये घालावा. तळ सुमारे ७.२ व्होल्ट दिसतो! हिशेब चुकला काय? चुकला नाही, ढोबळ होता. कपॅसिटर पूर्ण १० मिलिसेकंद रिकामा होत नाही. पुढचे शिखर चढू लागले की सुमारे साडेसात मिलिसेकंदांनीच तो पुन्हा भरू लागतो. हा फरक कळला की विद्यार्थ्याला परिपथाचे वागणे कळले. हिशेब आधी केला नसता, तर ७.२ हा आकडा नुसता आकडाच राहिला असता.

तर मग १,००० मायक्रोफॅरॅड पुरतो, असे म्हणायचे? थांबावे आणि आणखी एक प्रश्न विचारावा. संध्याकाळी विजेचा दाब उतरतो. २३० व्होल्टच्या जागी दहा टक्के कमी, म्हणजे २०७ व्होल्ट घेतले तर? यादीतील एक आकडा बदलायचा आणि पुन्हा चालवायचे. तळ आता सहा व्होल्टच्या आसपास येतो. म्हणजे सकाळी वर्गात उत्तम चाललेला वीजपुरवठा प्रदर्शनाच्या संध्याकाळी, पाहुण्यांसमोर, अडखळू लागेल; आणि विद्यार्थी बिघाड आपल्या जोडणीत शोधत बसेल. २३० व्होल्टच्या वाहिनीला हात न लावता हे आधीच कळले.

कपॅसिटर २,२०० मायक्रोफॅरॅडचा केला की कमी दाबातही तळ ७.८ व्होल्टच्या जवळ राहतो. अशा कपॅसिटरचे खरे मूल्य छापील मूल्यापेक्षा वीस टक्क्यांनी कमी असू शकते, म्हणून १,७६० घेऊनही पाहावे. तळ साधारण ७.४ व्होल्ट, म्हणजे सातच्या वरच. निर्णय झाला : २,२००. संगणकावर या साऱ्याला अर्धा तास पुरतो आणि एकही भाग जळत नाही.

पडद्यावर जे दिसत नाही

येथवर वाचून कोणी म्हणेल, आता जोडणी करण्याचीही गरज नाही. या समजुतीपासून विद्यार्थ्यांना जपले पाहिजे. सिम्युलेटर आपण लिहिलेल्या परिपथाचे उत्तर देतो, आणि टेबलावरचा परिपथ नेहमीच त्याहून थोडा वेगळा असतो.

वरच्या उदाहरणात ट्रान्सफॉर्मर आदर्श धरला होता. प्रत्यक्षात त्याच्या वेटोळ्याला रोध असतो. कपॅसिटर फार थोड्या वेळात भरतो, म्हणून त्या क्षणी धारा मोठी असते : बाहेर अर्धा अँपियर जात असताना २,२०० मायक्रोफॅरॅडच्या परिपथात डायोडांतून क्षणभर पाच अँपियरच्या आसपास धारा जाताना सिम्युलेटर दाखवतो. १एन४००७ या डायोडची सरासरी मर्यादा १ अँपियर आणि एखाद्याच क्षणिक लाटेची मर्यादा ३० अँपियर असते, म्हणून तो टिकतो. पण यादीत वेटोळ्याचा फक्त एक ओहम रोध घातला, की ही लाट बसते आणि त्याबरोबर तळही खाली येतो. कमी दाबाच्या वेळी आपण कमावलेले राखीव अंतर जवळपास संपते. हा रोध सॉफ्टवेअरने स्वतःहून धरला नव्हता, कारण आपण तो लिहिला नव्हता. तो मल्टिमीटरने मोजावा, ट्रान्सफॉर्मरची वायर मुख्य वाहिनीतून काढून ठेवूनच, आणि मग यादीत लिहावा.

उष्णतेचेही तसेच. ७८०५ वर सरासरी दहा व्होल्ट येतात आणि पाच बाहेर जातात. उरलेले पाच व्होल्ट आणि अर्धा अँपियर मिळून अडीच वॅट उष्णता होते. ॲल्युमिनियमची उष्णताशोषक पट्टी न लावता हा भाग एका वॅटमागे सुमारे ६५ अंश सेल्सिअसने तापतो. अडीच वॅटांना खोलीच्या तापमानाच्या वर १६० अंशांहून अधिक, आणि त्याची मर्यादा १२५ अंशांची! आतील संरक्षणामुळे तो स्वतःला बंद करून घेईल. सिम्युलेटरच्या आलेखात मात्र पाच व्होल्टची रेषा शांतपणे सरळ धावत असते, कारण तापमानाचा प्रश्न आपण त्याला विचारलेलाच नसतो.

सैल सांधा, ब्रेडबोर्डची जुनी छिद्रे, चुकीच्या रंगपट्ट्यांचा रेझिस्टर, उत्पादकाने दिलेल्या मापापेक्षा वेगळा वागणारा स्वस्त भाग, हे काहीच पडद्यावर दिसत नाही. म्हणून या साधनाचा वापर तीन पायऱ्यांनी करावा. पहिली पायरी, वहीत हिशेब मांडून आपला अंदाज लिहून ठेवणे. दुसरी, सिम्युलेटर चालवून अंदाज आणि उत्तर यांतील फरकाचे कारण शोधणे. तिसरी, प्रत्यक्ष जोडणी करून मोजणे आणि पुन्हा फरकाचे कारण शोधणे. तिन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहावेत. ते जुळले तर आनंदच. पण जेथे ते जुळत नाहीत, नेमके तेथेच शिक्षण होते.

वसतिगृहासाठी याचे मोल

ताथवड्याच्या एका बाजूस हिंजवडी, दुसऱ्या बाजूस पिंपरी-भोसरी आणि पलीकडे चाकण. या पट्ट्यातील वाहनउद्योगात आज इलेक्ट्रॉनिक भागांचे महत्त्व वाढत आहे. वाहनातील दिवे, ब्रेक, इंजिन यांवर लहान लहान नियंत्रक देखरेख ठेवतात, आणि असे भाग बनवणाऱ्या व तपासणाऱ्या ठिकाणी आलेख वाचणारी, बिघाडाचे कारण शोधणारी माणसे लागतात. आपल्या शाळेतून आयटीआय, पदविका किंवा अभियांत्रिकीकडे जाणाऱ्या मुलामुलींनी ही सवय दहावीच्या आधी अंगी बाणवली, तर पुढच्या प्रयोगशाळेत ती बिचकणार नाहीत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. डोक्यावर छप्पर मिळाले की अभ्यासाची दारे उघडतात, ही त्यामागची दृष्टी होती. शंभर वर्षांनंतर त्या छपराखाली पुस्तकांच्या शेजारी एक साधन आणखी ठेवता येते आणि त्याला पैसेही लागत नाहीत. रात्रीच्या अभ्यासाच्या तासाला दोन संगणक, चार पेनड्राइव्ह आणि लक्ष ठेवणारा एक शिक्षक किंवा माजी विद्यार्थी एवढी व्यवस्था आरंभाला पुरे.

बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी ज्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, ते देहूरोड आपल्या शाळेपासून फार दूर नाही. धम्माच्या गुणवर्णनात 'एहिपस्सिको' असा एक शब्द येतो : ये आणि स्वतः पाहा. केसमुत्तीच्या कालामांनाही तथागतांनी हेच समजावले की, परंपरेने चालत आले, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले, एवढ्याच आधारावर काही मानू नये. पुस्तकातील परिपथ डोळे मिटून उतरवणाऱ्या विद्यार्थ्याला सिम्युलेटर 'ये आणि पाहा' असे म्हणतो, म्हणून तो आपल्या शाळेत असावा. पण पडद्यावरील आलेख हीदेखील एक नवी पोथी होऊ शकते. संगणकाने सांगितले म्हणून खरे, असे म्हणणारा विद्यार्थी पुस्तकाने सांगितले म्हणून खरे म्हणणाऱ्यापेक्षा पुढे गेलेला नाही. त्याच्या हातात मल्टिमीटर द्यावा आणि मोजायला सांगावे.